भय्याजीची सही

चिखल्याच्या खाणीत भय्याजीइतकी सही जपणारा दुसरा माणूस नव्हता. कामगारांच्या पतसंस्थेत कर्ज काढायचं तर दोन सभासद जामीनदार लागतात. कर्जदार थकला की हप्ता जामीनदाराच्या पगारातून कापतात. म्हणून वसाहतीत रीतच पडलेली : तू माझ्या कागदावर सही कर, मी तुझ्या करतो. भय्याजीला ही रीत काही झेपली नाही. कोणी कागद घेऊन दारात आला की तो कपाळाला हात लावायचा.

"करून देल्ली असती बावा, पण माही सही पनवती आहे. साळ्याले देल्ली, त्याची म्हैस मेली. साडभावाले देल्ली, त्याचं दुकान बसलं."

साळ्याकडे कधी शेळीही नव्हती. पण लोक घाबरून कागद मागे घ्यायचे आणि जाताना वर भय्याजीचंच सांत्वन करायचे.

सगळं असं सुखात चाललं असताना त्याच्या बायकोच्या, सत्यभामाबाईच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला डायलिसिस. जाताना ती कशीबशी एसटीत बसायची, येताना खिडकीला डोकं टेकून ओकत यायची. मागच्या खेपेला बस बदलायला तुमसरला उतरली आणि स्टँडवरच कोसळली. एकाने भय्याजीला विचारलं, "बाई पिऊन आहे का हो?" त्या दिवशी हा माणूस पहिल्यांदा चारचौघांत रडला.

दर खेपेला भाड्याची गाडी करायची तर अख्खा पगार बुडला असता. तुमसरच्या एका मास्तरांची जुनी कार विकायची होती. शनिवारपर्यंत थांबतो म्हणाले, मग दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. एवढ्या जुन्या गाडीच्या कर्जासाठी बँक दारात उभं करेना. उरली पतसंस्था.

संघपाल त्याच्याच पाळीतला. त्याने उभ्याउभ्या सही ठोकली. "मी पनवती-गिनवती मानत नाही, भय्याजी. मानत असतो तं तुमच्यासंग खाणीत उतरलो असतो का?"

पण जामीनदार दोन लागतात, आणि संघपाल एकच होता. बाकीचे पेन हातात घेत, आणि अर्जदाराच्या जागी भय्याजीची सही दिसली की चटका बसल्यासारखे मागे होत. "याच्यावर तुमची सही पडली न आधीच! आता मी कायले मरू?" इतक्या वर्षांच्या मेहनतीने पसरवलेली गोष्ट, लोकांनी ती मन लावून ऐकली होती.

शुक्रवारी संध्याकाळी एकच दार उरलं, केवळरामचं. मुलीच्या लग्नात त्यालाही भय्याजीची सही हवी होती. पनवतीचं ऐकून त्याने सावकार गाठला, आणि भय्याजीचा दोष जावा म्हणून स्वखर्चाने गायमुखच्या देवळात नारळही फोडून आला होता.

"केवळराम भौ, पनवती काही नाही," भय्याजी खाली मान घालून म्हणाला. "मी खोटं बोललो. पगार कापला जाईन म्हणून भेव वाटे."

त्याला वाटलं, आता मोकळं झालं. केवळराम मात्र खाटेवरून उठलाच.

"म्हंजे तू मले टाळून राहिला होता? अबे, मी तुह्यासाठी नारळ फोडला! सावकाराचं व्याज भरता भरता कंबर मोडली, तरी म्हणलं, बिचाऱ्याचं नशीब खराब!"

भय्याजीने त्याचे पायच धरले. "मारा मले, शिव्या द्या. पण सत्यभामा मरून जाईन भौ. बसमधी मरून जाईन."

केवळरामने पाय सोडवून घेतले. मग म्हणाला, "वहिनीसाठी करतो. तुह्यासाठी नाही." आणि आत जाऊन एक कागद घेऊन आला. त्याचा मुलगा विक्की नुकताच खाणीत लागून सभासद झाला होता. त्याला मोटरसायकल घ्यायची होती, आणि त्यालाही दुसरा जामीनदार मिळत नव्हता. का मिळत नव्हता, ते अख्ख्या चिखल्याला ठाऊक होतं : विक्कीने हप्त्यावर घेतलेला मोबाइल वसुलीवाले घरी येऊन घेऊन गेले होते.

"पहिले तू," केवळराम म्हणाला.

भय्याजीने पेन घेतलं. स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं लिहिलं. आडनावाची वेलांटी कागदाबाहेर गेली. मग केवळरामने भय्याजीच्या अर्जावर सही केली.

आतून विक्की केस विंचरत आला. "काका, बिलकुल टेन्शन घेऊ नोका," तो हसून म्हणाला. "आपण आहो न!"

भय्याजीने कपाळाला हात लावला, या वेळी खराखुरा.