थरथरणारा पडदा

मुरबाडच्या कचेरीसमोर जगदीशदादांचं टायपिंगचं दुकान होतं आणि देवकी तिथली टायपिस्ट. धसईहून सकाळच्या एसटीने यायची. टाइपरायटरवर तिची बोटं अशी चालायची की कचेरीतले शिपाईसुद्धा क्षणभर थांबून बघत. पण २००१ साली टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला आणि देवकीच्या पाठी साडेसाती लागली.

त्या चौदा इंची मॉनिटरचा पडदा दिवसभर थरथरायचा. दुपारपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. संध्याकाळी तर एसटीची पाटी शेजारणीला विचारावी लागे. सासूने पापण्यांना तूप चोळलं, गुलाबपाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. देवकीने सगळं निमूट करून घेतलं, पण दुकानात अवाक्षर काढलं नाही. डोळे अधू झालेली टायपिस्ट कोण ठेवून घेतो? आणि त्याहून मोठी भीती वेगळीच होती. दोष पडद्याचा नसलाच तर? आपलेच डोळे जायला लागले असतील तर?

म्हणून देवकीबाईंनी युक्ती काढली. वारसाची प्रतिज्ञापत्रं सगळी एका साच्याची. जुनं उघडायचं, नावं बदलायची, आणि ती सुद्धा पडद्याकडे न बघता, बोटांच्या सवयीने. दोन वर्षं ही हुशारी खपून गेली. मग एक दिवस सावळाराम नावाचा शेतकरी बापाच्या जमिनीला वारस लावायला आला, आणि 'मयत' हा शब्द बापाच्या नावाआधी लागायचा तो पोराच्या, म्हणजे खुद्द सावळारामच्याच नावाआधी लागला. दुसऱ्या दिवशी सावळाराम कागद घेऊन परत आला. भांडला नाही.

"बाय," तो म्हणाला, "पोरीनं कागद वाचून दाखवला. माजी बायको सकालपासून जेवली नाय."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं देवकीला झालं.

जगदीशदादांनीही आवाज चढवला नाही. कल्याणला जाऊन नवा मॉनिटर आणू, तूच निवड, एवढंच म्हणाले. पण त्यानंतर चूक झाली तर मला दुसरी कोणी बघावी लागेल, हेही त्यांनी सांगून टाकलं. चूक शब्दाची असताना दादांनी मॉनिटरचा विषय कसा काढला, हे विचारायचं भेदरलेल्या देवकीला सुचलंच नाही.

कल्याणच्या दुकानात सहा मॉनिटर ओळीने मांडलेले. सगळ्यांवर फुलांची चित्रं, एकाहून एक देखणी. दुकानदार म्हणाला, सगळे सारखेच आहेत, कुठलाही घ्या. देवकी त्या ओळीसमोरून दोनदा फिरली. चुकीचा निवडला तर नोकरी गेली, आणि बरोबर निवडूनही डोळे दुखलेच तर मग डोळेच गेले म्हणायचे.

तिने घाबरत घाबरत चित्रं काढून कोरं पान लावायला सांगितलं. आपल्याला दिवसभर फुलं थोडीच बघायची आहेत? मग तिला बापाचं शिकवणं आठवलं. सिद्धगडाच्या रानात तिन्हीसांजेला चुकलेलं वासरू शोधताना तो म्हणायचा, अंधुक दिसत असलं तर जरा बाजूला बघावं, मग दिसतं. देवकीने मान वळवून नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवली. डोळ्यांच्या कडेला चार पांढरी पानं लगेच फडफडायला लागली. पाचवं किंचित. सहावं मात्र निवलेल्या दुधासारखं स्थिर होतं.

सहावा मोठा होता, महागही. दुकानदाराने पाचवा पुढे सरकवला. दादांनीही त्याच्यावरच हात ठेवला आणि हा चालेल ना, असं विचारलं. हो म्हणणं किती सोपं होतं. आजवर ती तेच म्हणत आली होती.

"नाय दादा. ह्यानं माजे डोले दुखतील. दोन वर्सं दुखतात. मी बोलले नाय."

जगदीशदादांनी पाचव्यावरचा हात काढला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला म्हाईत हाय गो. कॉम्प्युटर आला तवा पयला महिना मीच बसलो व्हतो. डोलं फुटायला आलं, म्हणून तर तुला बसवली."

देवकी त्यांच्याकडे बघतच राहिली. म्हणजे दोन वर्षं ती आंधळी होण्याच्या भीतीने झोपत नव्हती, आणि या माणसाला सगळं ठाऊक होतं. असा संताप तिला जन्मात आला नव्हता. दुकानदाराला तिने सहावा बांधायला सांगितला आणि पदराने डोळे पुसले. ते आज कशाने वाहतायत, हे तिला पक्कं माहीत होतं.