दोन तुरट्या

चौथीनंतर पेन फारसं हातात धरलं नाही. अक्षर वाकडं येतं, काना-मात्रा चुकतात. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. बोलणं मला कधी जमलं नाही, म्हणून लिहिते.

त्या सकाळी दाढी झाल्यावर ह्यांनी नेहमीसारखा गाल पुढे केला नाही. केळीचे घड न्यायला टेम्पो दारात उभा होता. "आल्यावर बघ," म्हणाले आणि वाडीत गेले. मी चहा गाळत होते, तेवढ्यात शेजारचे भाऊजी धावत आले... "वहिनी, दादा वाडीत पडलाय."

काय बघायचं होतं, ते सांगते. आमच्या वटार गावातल्या घरात दाढीला वाण्याकडची तुरटी. खडा फोडायचा, अर्धा पाण्याच्या हंड्याला, अर्धा ह्यांच्या गालाला. नव्या खड्याला धार असायची. कापल्यावर लावायची तुरटीच कधी कधी कापायची. झिजून गोल झाली की मग बरी. दोन वर्षांपूर्वी मुलगा एव्हरशाईन सिटीतल्या त्याच्या फ्लॅटमधून आला, तो डबीतली तुरटीची वडी घेऊन. साबणासारखी गुळगुळीत, काचेसारखी स्वच्छ. किंमत ऐकून हे म्हणाले, "एवढ्यात वाणी मला पोतं देईल!" मुलगा हिरमुसला. त्याचं मन राखायला म्हणून ह्यांनी डाव्या गालाला डबीतली, उजव्याला वाण्याची लावायला सुरुवात केली आणि रोज ओट्यावरून मला हाक.

"या मास्तरीणबाई, मार्क द्या. कुठला गाल बरा?"

लख्ख उजेड, रस्त्यावरून येणारी-जाणारी माणसं... मी पदराला हात पुसून बोटं जेमतेम टेकवायची. "दोन्ही सारखे."

"असं कसं? उद्या नीट बघ."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्या चेहऱ्याला दिवसाउजेडी हात लावला तो तुरटीमुळेच. फरक मला पहिल्या आठवड्यातच कळला होता. वाण्याचा खडा नवा असेपर्यंत डावा गाल मऊ, खडा झिजला की दोन्ही एक. पण सांगून टाकलं असतं, तर दुसऱ्या दिवशी हाक कशाला आली असती?

दहाव्याला वाडीतल्या बावखलाच्या, आमच्या पाण्याच्या तळ्याच्या, काठी न्हाव्याने मुलाचं डोकं केलं, तेव्हा कानामागे जरासं कापलं. मी दोन्ही तुरट्या पुढे धरल्या. मुलाने वाण्याची उचलली.

"आई, बाबांना मी एकदा विचारलं होतं, कुठली चांगली म्हणून. म्हणाले, तुझ्या आईला ठाऊक आहे, पण ती सांगत नाही. आणि मी खोदून विचारत नाही."

मी पदराने त्याच्या कानामागचं रक्त टिपलं.

"सांग ना आता. कुठली?"

"दोन्ही सारख्या," मी म्हटलं.

मुलगा त्याच्या घरी परत गेला. चल म्हणत होता, पण वाडी सोडून कुठे जाऊ... तुरटी ओली राहिली की विरघळते म्हणून हे दाढीनंतर दोन्ही पुसून ओट्यावरच्या खिडकीत ठेवायचे. मी अजून रोज सकाळी पुसते. कोरड्याच असतात. महिना होऊन गेला, दोन्ही आहेत तेवढ्याच आहेत.