बाईचे पांढरे गंज

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "गजानन, बाई गेली रे," एवढंच म्हणाले. मी "बरं" म्हणालो, अर्धी दाढी तशीच ठेवून मोटरसायकल काढली. कामरगावला पोचलो, खांदा दिला, जो दिसेल त्याच्या गळ्यात पडलो... एका गालावर वाळलेला साबण घेऊन. कोणीही हसलं नाही. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की माझी मोठी बहीण खरंच गेली, कारण अशा वेळी हसणारी तीच होती. ना ताप, ना दुखणं. आदल्या संध्याकाळी तर फोनवर माझ्या स्वयंपाकाची टर उडवत होती.

बाईच्या घरात स्टील फक्त पाहुण्यांसाठी. रोजचा संसार इनॅमलचा... पांढरे गंज म्हणजे पातेली, निळ्या काठाच्या ताटल्या. जावा त्यांना दवाखान्यातली भांडी म्हणायच्या. बाई म्हणायची, कढी पितळेत कळकते, जर्मनच्या भांड्यात रुसते, माझ्या गंजात मात्र सुखानं नांदते. ढवळायला लाकडी डाव, घासायला जुन्या लुगड्याची मऊ चिंधी, राखेला मनाई. मी एकदा मदतीच्या हौसेनं एक ताटली तारेच्या चोथ्यानं घासली. तिनं ती माझ्या नावानं वेगळी काढून ठेवली, आणि पुढे दरवेळी मला त्या ओरखड्यांवरच वाढलं.

दिवस झाले, नातेवाईक पांगले, लेकही सासरी परतली. भाऊजी ओसरीतल्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. चहाशिवाय पोटात काही नाही. शेजारणींचे डबे जसेच्या तसे परत जायचे. त्यात त्यांना साखरेचा आजार, गोळ्या उपाशीपोटी. मला धडकीच भरली, की हे घर आता आणखी एक माणूस गमावतं. म्हणून ज्याचा चहासुद्धा उतू जातो त्या मी कढी करायचं ठरवलं. मोठा गंज गॅसवर चढवला आणि ताक शोधत बसलो. आठवण झाली तेव्हा रिकामा गंज लालबुंद व्हायच्या बेतात. घाबरून तांब्याभर गार पाणी ओतलं. तड्... तळाचा टवका उडाला.

"गरम गंजात पाणी टाकलं काय?" ओसरीतून आवाज आला, आणि पाठोपाठ भाऊजी दारात उभे. "काहून टाकलं? त्याले आपल्या आपण थंडं होऊ द्या लागते." कितीतरी दिवसांतलं त्यांचं हे पहिलं धड बोलणं. गंज निवू दिला, मग उघड्या पडलेल्या काळ्या लोखंडावरून त्यांनी बोट फिरवलं. "याच्यात आता कढी नाही होत. सरक."

त्यांनी लहान गंज घेतला. आधी ताक-बेसन, मग मंद आच, फोडणी वेगळ्या पळीत. या माणसाला गॅस पेटवताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी थक्क. विचारलं, "भाऊजी, हे तुमाले कोनं शिकवलं?"

"रोज तिच्यापाशीच तं बसत होतो मी. पाहत होतो."

मग ते रडले. कढी फुटू नये म्हणून ढवळतही राहिले... त्या दिवशी दोन वाट्या प्यायले.

आता मी रोज संध्याकाळी फोन करतो. जेवलात का, असं विचारायचा धीर होत नाही, म्हणून गंज घासला का, एवढंच विचारतो. "नाही, गरम हाये अजून," ते म्हणतात. मग गंज निवेपर्यंत आम्ही दोघं फोन धरून बसतो.