पाच फूट दोन इंच

माझा मामा जुन्या लष्करी जीपगाड्या विकत घेतो, दुरुस्त करतो आणि विकतो. लिलावात त्या भंगाराच्या भावाने जातात. मामा सगळ्यांच्या मागे हाताची घडी घालून उभा राहतो आणि ज्या गाडीकडे पाहून बाकीचे नाक मुरडतात नेमकी तीच उचलून आणतो. नुसता सांगाडा, दोनच चाकं आणि बॉनेटखाली उंदरांचा संसार. काही महिन्यांनी तीच गाडी शेडमधून हिरवीगार होऊन बाहेर पडते आणि एखादा हौशी डॉक्टर ती चालवत घेऊन जातो.

गिऱ्हाइकाच्या गाडीला मामा वाटेल ते बसवतो. बाजारात मिळणारे नकली भाग त्याच्या फळीवर खोक्यांतून रचलेले असतात. "चालतंय ना? मग झालं तर," हे त्याचं तत्त्वज्ञान. पण शेडच्या कोपऱ्यात त्याची स्वतःची एक जीप होती, लग्नाच्या वर्षी घेतलेली. तिच्यापुढे हे तत्त्वज्ञान शेपूट घालायचं. तिचा प्रत्येक नट त्याच काळातला, त्याच कारखान्याचा ठसा असलेला हवा. मी नोकरीसाठी या घरात राहायला आले तेव्हा सगळं जुळून फक्त कार्बोरेटर मिळायचा राहिला होता. आता मी केस रंगवायला लागले, तरी कार्बोरेटर राहिलेलाच.

जीपच्या गाद्या आणि वरचा कापडी टप मामीने घरीच शिवले. जाड कॅनव्हास तो, मशीनच्या सुया मोडायच्या, तिची बोटं सोलवटायची. टप पुरा झाला तेव्हा मामाने तो उजेडात धरून पाहिला आणि म्हणाला, "दोरा चुकला गं. मूळचा याहून फिका होता." मी असते तर तो टप त्याच्या डोक्यावरून ओढून खाली गाठ मारली असती. मामीने मुकाट्याने सगळी शिवण उसवली आणि फिक्या दोऱ्याने पुन्हा घातली.

तिला घाई होती, म्हणून ती वाद घालत नव्हती. तिची थोरली बहीण डोंगरावर राहायची. बस पायथ्याशी सोडते, पुढे दगडधोंड्यांचा चढ. मामीचे गुडघे कामातून गेलेले, आणि ताई पाय घसरून पडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. दोघींची भेट उरली होती ती फोनवरच.

"काय गं, नवऱ्याची जीप ढकलत आणणार की खांद्यावरून?" ताई विचारायची.

"बघशीलच तू. दारात आणून उभी करते तुझ्या," मामी म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहायची.

गिऱ्हाइकाच्या जीपमधून नेतो असं मामा एकदा नाही, अनेकदा म्हणाला होता, उगाच खोटं कशाला बोलू? पण मामीच अडून बसली. "लोकांच्या गाडीतून गेले तर जन्मभर चिडवेल ती मला." नवराबायको, दोघंही एकाच माळेचे मणी. शेवटी मीच मामाला म्हटलं, "फळीवरचा कार्बोरेटर लाव ना तूर्तास. मूळचा मिळाला की बदल." मी जणू त्याला दुसरी बायको करायला सांगितली होती, असा तो माझ्याकडे पाहत राहिला.

"एकदा नकली लावला की ती गाडी ती राहत नाही," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात मिळेल. एकाकडे आहे म्हणतात." हा एक माणूस दरवर्षी वेगळ्या गावात असायचा.

मागच्या वर्षी जेवता जेवता मामीने विचारलं होतं, "अहो, आपल्या जीपची रुंदी किती?" मामाने घास हातातच धरला. "पाच फूट दोन इंच." मग लांबी, उंची, चाकांमधलं अंतर, समोरचं ताट गार होईपर्यंत तो खुशीत सांगत राहिला. रुंदी कशाला हवी आहे, हे काही त्याने विचारलं नाही.

परवा सकाळी ताईच्या मुलाचा फोन आला. ताई झोपेतच गेली.

मामी रडली नाही. शिलाई मशीनच्या स्टुलावर बसली आणि मशीनवरचं झाकण नीट करत राहिली. मामा दारात उभा होता.

"गिऱ्हाइकाची गाडी तयार आहे," तो म्हणाला. "लगेच निघू."

"आपली काढा," मामी म्हणाली.

तो गेला आणि त्याने फळीवरून नकली कार्बोरेटरचं खोकं काढलं. मी ऑफिसात फोन करून, मामीची पिशवी भरून शेडमध्ये आले तोवर त्याचं काम होत आलं होतं. बॅटरी शेजारच्या गाडीची काढून घेतली. मग आत बसून त्याने पायाने स्टार्टर दाबला. ती सुरू होऊ नये अशीच त्याची इच्छा असावी. थोडे नखरे तिने करायला हवे होते, म्हणजे इतकी वर्षं कशापायी गेली ते त्याला सांगता आलं असतं. पण ती पहिल्याच दाबाला धडधडायला लागली.

मामी पिशवी घेऊन उभी होती. "एवढंच होतं?" तिने विचारलं.

मामा चिंधीने हात पुसत राहिला, हात स्वच्छ झाले तरी.

मामी पुढे, स्वतः शिवलेल्या गादीवर बसली. मी मागे. जीप तो चढ असा चढली की तक्रारीला जागा नाही. मला मामाचा भयंकर राग आला होता, आणि त्याची खाली गेलेली मान पाहून तो राग धड टिकतही नव्हता.

ताईच्या फाटकाचा एक खांब जुना, दगडी होता. दुसरा नवा, विटांचा, अजून रंग न दिलेला. त्या जागचा पाडलेला खांब जिथे होता ती बुजवलेली जागा बरीच आत दिसत होती. मामाने गाडी फाटकाबाहेरच बंद केली आणि त्या खांबाकडे पाहत राहिला. डोळ्यांनी मापं घेणारा माणूस, त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

तरी ताईचा मुलगा बाहेर आला तेव्हा त्याने सांगितलंच. "आईने मागच्या वर्षी रुंद करून घेतलं. जुन्यातून मावशीची जीप यायची नाही म्हणाली. पडल्यापडल्या माझ्यामागे भुणभुण. दोन्हीकडे हातभर जागा सोड, रंगाला ओरखडा पडलेला त्यांना खपायचा नाही." हे म्हणताना त्याने मामाकडे पाहिलं, पण त्याच्या आवाजात राग नव्हता.

"इथेच राहू दे गाडी," मामा कसाबसा म्हणाला. "आत माणसं बसलीत."

मामी खाली उतरली नाही. समोर पाहत म्हणाली, "आत घ्या. दारात उभी करीन असं सांगितलंय मी तिला."

मामाने पुन्हा स्टार्टर दाबला आणि गाडी अगदी हळू आत घेतली. दोन्ही बाजूंना बरोबर हातभर जागा होती.