ठिपका सांगत नाही ते

पनवेलच्या बाजारात केकचं सामान मिळतं, त्या दुकानात एक मावशी मला एकदाच भेटल्या. साठीच्या असतील. डोक्यावर ओढणी, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. व्हॅनिला इसेन्सची बाटली उजेडात धरून बारीक अक्षरं वाचत होत्या.

"मावशी, हिरवा ठिपका आहे की," मी म्हटलं.

"तो दिसला गं. पण इसेन्स कशात विरघळवलाय, ते ठिपका सांगत नाही."

त्यांनी बाटलीवरच्या नंबरला फोन लावला. गाणं वाजत राहिलं, तोवर मान डोलावत थांबल्या. मग पलीकडच्या मुलीला 'बेटा, बेटा' करत विचारलं. उत्तर आलं, अल्कोहोलमध्ये.

"काही मौलाना चालतं म्हणतात," फोन ठेवत त्या म्हणाल्या, "पण नातीचा वाढदिवस आहे. मनात खुटखुट ठेवून केक कशाला कापायचा? वेलची घालते."

आणि तीच बाटली त्यांनी माझ्यापुढे धरली. "तू घे. तुला हरकत नाही, वास छान असतो म्हणतात."

मी घेतली.

मी दर चतुर्थीला उपास करते. उपासाच्या वेफर्सच्या पाकिटामागे काय लिहिलेलं असतं, ते मी आजवर एकदाही वाचलेलं नाही.