लॉजच्या गच्चीवरचा डबा

पंधरा वर्षं मी राहात्यातल्या एका तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून आसपासच्या वाड्यावस्त्यांना बिनतारी इंटरनेट दिलं. जिथे केबल ओढायला कोणी धजत नाही, तिथे घरावर एक छोटी छत्री बसवायची आणि तिचं तोंड माझ्या टॉवरकडे करायचं, एवढाच धंदा. त्यासाठी लागणारे रेडिओतरंग सरकारने सगळ्यांना मोकळे ठेवलेत. ते वापरायला वेगळं लायसन लागत नाही, आणि म्हणूनच कोणी आडवा आला तर भांडायलाही कुठे जाता येत नाही.

आमच्याकडे पाटाचं पाणी पाळीने मिळतं आणि ती सांभाळायला पाटकरी असतो. हवेला पाटकरी नाही. म्हणून आम्ही चार-पाच नेटवाल्यांनी आपली आपली रीत पाडली होती. नवा टॉवर उभारणाऱ्याने आधी बाकीच्यांकडे जाऊन चहा प्यायचा, कोण कुठल्या चॅनलवर, म्हणजे तरंगांच्या कुठल्या पट्ट्यात, आहे ते कागदावर लिहून घ्यायचं, आणि उरलेल्यातला एक धरायचा. या तरंगांवर चालणाऱ्या यंत्रांनाही तेच शिकवलेलं असतं: आधी ऐका, दुसरा बोलत असेल तर थांबा, मग बोला. इतकी वर्षं त्यात वाकडं काही आलं नाही.

मग शेजारच्या लॉजच्या गच्चीवर एका मोबाईल कंपनीने राखाडी रंगाचा डबा बसवला. शिर्डीला येणाऱ्या गर्दीला त्यांचे स्वतःचे, लिलावात घेतलेले तरंग पुरेनात, म्हणून जादा बोजा ते आमच्या मोकळ्या तरंगांवर टाकत होते. कायद्याने त्यात काही चूक नव्हती. त्यांचा डबाही आधी ऐकून घेतो म्हणे. पण लांबच्या वस्त्यांवरच्या माझ्या छत्र्यांचा बारीक आवाज त्याला ऐकूच जायचा नाही. हवा रिकामी आहे असं समजून तो बोलत सुटायचा, आणि तेही नेमकं माझ्या चॅनलवर.

डब्याखाली पाटी होती आणि तिच्यावर तक्रारीसाठी फोन नंबर. मला तो माझ्या गच्चीवरून वाचता यायचा. मी फोन केला नाही. येणाऱ्याने आधी भेटायला यायचं ही रीत, आणि मी इथला जुना माणूस. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, पण मी कुठे अडलो होतो? चॅनल मला बदलता आला असता, पण उरलेल्या चॅनलांवर बाकीचे नेटवाले होते आणि त्यांना मी शब्द दिला होता. मग रागाच्या भरात मी माझ्या टॉवरची ताकद चढवली. शेजाऱ्याने पाटाला मोठं भगदाड पाडलं की आपणही पाडायचं, तसलाच हा प्रकार. आता लाज वाटते, तेव्हा मात्र बरं वाटलं होतं.

पुणतांब्याच्या रस्त्याला एका वस्तीवर माझं एक कनेक्शन होतं. ऊस, सहा गायी आणि गणितात एमएस्सी झालेली सून. पुण्याच्या एका ऑनलाइन क्लाससाठी घरूनच शिकवायची नोकरी तिला मिळत होती. त्याआधी अर्ध्या तासाचा एक नमुना तास घेऊन दाखवायचा होता, एकच संधी. मी तपासायला गेलो तेव्हा सासूबाई माझ्यादेखतच म्हणाल्या, "ह्ये येवढं जमलं तर जमलं. न्हाईतर मग गाया हायेत, सैपाक हाय. रोज त्या कॉम्प्युटरम्होरं बसलेलं आमाला न्हाई पटायचं."

सून मला एवढंच म्हणाली, "काका, उद्या अकराला आहे. हल्ली मधेच तुटतंय, नीट बघाल ना?"

मी स्पीड तपासला. टॉवरकडून तिच्याकडे येणारा आकडा आजवर कधी आला नव्हता इतका मोठा आला. माझी छाती फुगली. "ताई, बिनधास्त शिकवा," म्हणालो आणि निघालो. तिच्याकडून टॉवरकडे जाणारा आकडा त्याच्याच खाली होता. तो मी पाहिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला तिचा फोन आला. "काका, मला त्यांचं सगळं ऐकू येत होतं. ते म्हणत होते, मॅडम, आवाज येत नाही. मी तरी शिकवतच राहिले. वाटलं, आत्ता जाईल, आत्ता जाईल."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ताकद वाढवून माझाच आवाज मोठा झाला होता. तिच्या छत्रीचा आवाज माझ्या टॉवरपर्यंत पोचायचा तेव्हा टॉवरच्या कानाशीच तो डबा बोंबलत असायचा.

मी पाटीवरचा नंबर लावला. दोन-तीन जणांकडून फिरत फिरत फोन एका इंजिनिअरकडे गेला. पोरगेलासा, अदबीने बोलणारा. "काका, आधी सांगायचं ना," तो म्हणाला. "हे इथूनच होतं." आणि फोन चालू असतानाच त्याने डब्याचा चॅनल बदलला. आमच्या रीतीबद्दल त्याला काही ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

दुपारी मी वस्तीवर गेलो. सून गायींना चाऱ्याची कुट्टी टाकत होती. क्लासवाल्यांना तिने पुन्हा संधी मागितली होती, पण त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतलं होतं.

"आता व्यवस्थित चालेल," मी म्हणालो.

"काय केलंत?"

"एक फोन केला."

"मग आधी का नाही केलात?"

काहीतरी थाप मारता आली असती. पण खूप थकलो होतो, खोटं रचायचंही त्राण नव्हतं. ते आधी भेटायला आले नाहीत म्हणून, असं सरळ सांगून टाकलं. सांगताना माझं मलाच ते इतकं पोरकट वाटलं की पुढे तिची माफीसुद्धा धड मागता आली नाही.

ती चिडली नाही. चिडली असती तर सोपं गेलं असतं. घमेलं खाली ठेवून तिने माझ्या गाडीकडे पाहिलं.

"शिडी आणलीय ना काका? मग ती छत्री काढूनच न्या. आता इथे ती कुणाला लागणार?"

मी शिडी लावली.