अकरा आक्रोश

"सर, इथं ही गायिका इतकी बेसूर का वाटते?" वैशालीनं कॅसेट थांबवून विचारलं.

"बेसूर नाही, वेदना आहे ती," मी म्हणालो. उत्तर तयारच होतं. त्यावर दोन पानं लिहून मी तिच्याकडून पाठ करून घेतली होती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी नाशकात पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांची तयारी करून घ्यायचो. मूळचा पेटीवाला, हार्मनी म्हणजे त्यांचा सुरांचा मेळ पुस्तकातून शिकलेलो. हे पालकांना सांगत नसे. वैशाली निफाडहून एसटीनं यायची. दुसऱ्या दिवशी तिची तोंडी परीक्षा होती. पास झालीस तर मुंबईला संगीत शिकायला जा, नाहीतर स्थळं बघू, असं वडिलांनी बजावलेलं.

तिला एका जुन्या इटालियन ऑपेरातली आरिया उलगडून सांगायची होती. आरिया म्हणजे एकट्या पात्राचं गाणं. इथं नवऱ्यानं टाकलेल्या राणीचं. फॉर्म सोपा. मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा. परतताना गायिका आपल्या हरकती घालते. घोळ अंतऱ्यात होता. तिथले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, कानाला टोचायचे. टोचेल त्याखाली मी ‘आक्रोश’ लिहिलं होतं. एकूण अकरा आक्रोश.

तेवढ्यात फोन वाजला. भजनी मंडळात गाणारी माझी बायको तो घ्यायला आली आणि जाता जाता तिनं कपाटावरचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद केला. "ह्याच्यापुढं काही ऐकू येत नाही."

तिचं बोलणं झाल्यावर वैशालीनं पुन्हा कॅसेट लावली. अंतरा लोण्यासारखा गेला.

"सर... तानपुरा चालू होता?"

तो नेहमीच असायचा. क्लास सुरू झाला की पहिलं बटण तेच. आपल्याकडे एकदा धरलेला सा मैफल संपेपर्यंत हलत नाही. त्यांच्याकडे तो गाण्याच्या मध्येच बिऱ्हाड बदलतो. इथं पेटीच्या पांढरी चार या पट्टीवरून पांढरी दोनवर गेला होता. माझा तानपुरा मात्र इमानदारीत चारवरच.

"खोड ते आक्रोश," मी म्हणालो.

"पण पाठ झालेत सर! उद्या परीक्षा आहे!"

"मग विसर की गं," बायको म्हणाली. "सा कुठून कुठं गेला, तेवढं सांग. तुझे सर सावकाश येतील मागून."

वैशाली पास झाली, तेही चांगल्या मार्कांनी. परीक्षकांनी म्हणे मुद्दाम विचारलं, "मधला भाग छान समजावलास. कोणी शिकवलं?"

"माझं नाव सांगितलंस ना?"

"काकूंचं सांगितलं, सर. खोटं कसं बोलू?"

हल्ली कुठल्याही गाण्याचं विश्लेषण करायच्या आधी मी खोलीत आपलंच काही वाजत नाही ना, ते बघतो. बहुतेक वेळा वाजत असतं.